७७० एएम, न्यूयॉर्क : डब्ल्यूएबीसीबद्दल आपल्या मंडळींना नेहमी पडणारे प्रश्न

न्यू जर्सी, न्यूयॉर्क भागात नवीन आलेली आपली मंडळी आणि उन्हाळ्यात सहा महिने राहायला आलेले आई-बाबा, दोघांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मी हे स्टेशन बरीच वर्षं ऐकतोय, त्यातली सगळी मतं पटतात म्हणून नाही, तर हे शहर कशावर चिडतं आणि कशावर खूश होतं ते गाडीत बसल्या बसल्या कळतं म्हणून.

हे नक्की कसलं स्टेशन आहे? गाणी का लागत नाहीत?

हे टॉक रेडिओ स्टेशन आहे, म्हणजे दिवसभर बोलणं. एक होस्ट असतो, तो दोन-चार तास बोलतो, पाहुणे घेतो, लोकांचे फोन घेतो, मध्ये मध्ये जाहिराती, आणि तास सुरू होताना बातम्या. विषय म्हणाल तर महापौर, गुन्हेगारी, सबवे, टॅक्स, शाळा, वॉशिंग्टनचं राजकारण, आणि यांकी-मेट्स या बेसबॉल संघांचं काय चाललंय तेही. आठवडाभर गाणी जवळजवळ नाहीतच, शनिवार-रविवारी जुन्या गाण्यांचे कार्यक्रम लागतात, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आणि हे खासगी, व्यावसायिक स्टेशन आहे, म्हणजे सरकारचा एक पैसा नाही, श्रोत्यांकडून वर्गणी नाही, सगळा खर्च जाहिरातींवर. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

एएम म्हणजे आपलं मिडियम वेव्हच ना?

हो, तेच. आपल्याकडे आकाशवाणी मुंबई अस्मिता ५५८ वर, पुणे ७९२ वर लागायचं ना, तोच पट्टा. इथे त्याला सगळे एएम म्हणतात. ७७० म्हणजे ७७० किलोहर्ट्झ, लाटेची लांबी साधारण ३९० मीटर, आणि ताकद ५० हजार वॉट, जी अमेरिकेत एएम स्टेशनला मिळू शकणारी जास्तीत जास्त ताकद आहे. टॉवर न्यूयॉर्क शहरात नाही, न्यू जर्सीत लोडाय गावात आहे, स्टुडिओ मात्र मॅनहॅटनमध्ये.

भारतातून आणलेल्या रेडिओवर ७७० लागतच नाही, रेडिओ बिघडलाय का?

बहुतेक नाही बिघडलेला! हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. भारतात मिडियम वेव्हची स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात आणि अमेरिकेत १०-१० च्या. त्यामुळे तुमचा डिजिटल रेडिओ ७५६, ७६५, ७७४ असा उड्या मारत जातो, ७७० वर थांबायची त्याला सोयच नाही. ७७४ वर ठेवलंत तर काहीतरी फाटका, पिचका आवाज येईल आणि तुम्हाला वाटेल स्टेशनच वाईट आहे. चांगल्या पोर्टेबल रेडिओत मागे किंवा सेलच्या खाचेत ९/१० लिहिलेलं एक बारीक बटण असतं, ते १० वर करा, काही मॉडेलांमध्ये बंद असताना एखादं बटण दाबून धरावं लागतं, ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. बदल केल्यावर साठवलेली स्टेशनं पुसली जातात एवढं लक्षात ठेवा.

जुना सुईवाला ट्रान्झिस्टर असेल तर काहीच करायला नको, सुई ७७ च्या आसपास नेऊन हळू फिरवा, लागेल. फक्त अॅडॅप्टर लावायच्या आधी बघा, इथे भिंतीतून १२० व्होल्ट येतात.

स्टेशन किती जुनं आहे?

शंभरी उलटून गेली. सुरुवात १९२१ च्या ऑक्टोबरची, तेव्हा नाव होतं डब्ल्यूजेझेड, आणि ते होतं न्यूयॉर्कला नाही तर न्यू जर्सीतल्या नेवार्कला, वेस्टिंगहाऊसच्या कारखान्यात. स्टुडिओ कुठे, तर तिथल्या बायकांच्या कोट ठेवायच्या खोलीचा एक भाग आडोसा करून घेतला होता, तिथे.

पहिल्याच महिन्यात त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. १९२१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीत, न्यूयॉर्कचेच दोन संघ, यांकी आणि जायंट्स, समोरासमोर होते आणि सामने पोलो ग्राउंड्सवर. मैदानावरून थेट प्रक्षेपण करायची सोय नव्हती. मग एका वर्तमानपत्राचा बातमीदार मैदानात फोन घेऊन बसला, तो बघेल ते फोनवर सांगायचा, आणि नेवार्कमध्ये टॉमी कोवन नावाचा माणूस कानाला फोन लावून तेच शब्द माइकमध्ये परत बोलायचा. त्याने स्वतः एकही चेंडू बघितला नाही, आणि ऐकणाऱ्यांना मात्र सामना दिसला. क्रिकेटची कॉमेंट्री रेडिओवर ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

१९२३ ला स्टेशन आरसीए या रेडिओ कंपनीकडे आणि न्यूयॉर्कला गेलं, १९२७ ला एनबीसी या प्रसारण कंपनीच्या ब्लू नेटवर्कचं, म्हणजे एकच कार्यक्रम लावणाऱ्या स्टेशनांच्या साखळीचं, मुख्य स्टेशन झालं. पुढे सरकारने एनबीसीला दोन नेटवर्कं ठेवू दिली नाहीत, १९४३ मध्ये ब्लू विकलं गेलं आणि त्याचंच एबीसी झालं, हो, टीव्हीवरचं एबीसी ते हेच. १९५३ मध्ये स्टेशनचं नाव डब्ल्यूएबीसी झालं.

नावाच्या सुरुवातीला डब्ल्यू का?

मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या स्टेशनांची नावं साधारणपणे डब्ल्यूपासून, पश्चिमेकडची के पासून. काही जुने अपवाद आहेत. बस एवढंच.

पूर्वी गाण्यांचं स्टेशन होतं म्हणतात, मग गप्पांचं कसं झालं?

होतं तर! १९६० पासून जवळपास बावीस वर्षं हे अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांच्या स्टेशनांपैकी एक होतं. डॅन इन्ग्राम, कझिन ब्रूसी, रॉन लंडी, हॅरी हॅरिसन या निवेदकांची नावं आजही इथल्या सत्तरीतल्या माणसासमोर घ्या आणि त्याचा चेहरा बघा.

त्या काळातला एक प्रसंग सांगतो, कारण रेडिओ म्हणजे काय ते यातून कळतं. ९ नोव्हेंबर १९६५, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, डॅन इन्ग्रामचा शो चालू. अचानक गाणं जड व्हायला लागलं, गायकाचा आवाज खाली खाली जायला लागला. यंत्रांच्या मोटरी विजेच्या ठोक्यावर चालायच्या आणि शहरातली वीज मान टाकत होती, म्हणून गाणंही मान टाकत होतं. इन्ग्रामच्या ते लक्षात आलं आणि तो तिथल्या तिथे माइकवर त्याबद्दल बोलायला लागला, गाणी आज अशी हळू का वाजतायत म्हणून. म्हणजे ईशान्य अमेरिकेतल्या तीनेक कोटी लोकांना अंधारात बसवणारा तो मोठा ब्लॅकआउट येताना न्यूयॉर्ककरांनी आधी ऐकला आणि मग बघितला. ती ध्वनिफीत अजून ऐकायला मिळते, जरूर ऐका.

मग एफएम आलं. एफएमवर स्टिरिओ, स्वच्छ आवाज, आणि एएमवर एकच चॅनल आणि खरखर, त्यामुळे गाणी ऐकणारी तरुण मंडळी तिकडे गेली. १९७८ ला न्यूयॉर्कमध्येच एका एफएम स्टेशनने डिस्को सुरू केलं आणि बघता बघता डब्ल्यूएबीसीला मागे टाकलं. शेवटी १० मे १९८२ ला दुपारी १२ वाजता गाणी थांबली आणि बोलणं सुरू झालं. जुने श्रोते त्या दिवशी अक्षरशः रडले. पण माणसाच्या बोलण्याला स्टिरिओ लागत नाही, त्यामुळे देशभरच्या एएम स्टेशनांनी हळूहळू हीच वाट धरली.

आता कझिन ब्रूसीचं, तो २०२० मध्ये वयाच्या पंच्याऐंशीच्या घरात असताना शनिवार रात्रीच्या कार्यक्रमासाठी याच स्टेशनवर परत आला. शनिवार-रविवारची जुनी गाणी म्हणतात ती ही.

एकाच बाजूचं राजकारण का ऐकू येतं? दोन्ही बाजू दाखवायचा कायदा नाही का?

होता. १९४९ पासून फेअरनेस डॉक्ट्रिन नावाचा नियम होता, वादाच्या विषयावर दोन्ही बाजूंना जागा द्यायची असं तो सांगायचा. एफसीसीने, म्हणजे रेडिओ-टीव्हीचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेने, तो १९८७ मध्ये काढून टाकला. आणि पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९८८ ला, रश लिम्बॉचा देशभर जाणारा कार्यक्रम सुरू झाला, न्यूयॉर्कमधून, आणि त्याचं इथलं घर म्हणजे हेच स्टेशन. तीन तास एकच माणूस, ठाम रिपब्लिकन बाजू, आणि देशभर शेकडो स्टेशनांनी तो कार्यक्रम घेतला. जाहिरातदारांना त्यातून एक गोष्ट कळली की श्रोता एकाच सुरात बोलणाऱ्या स्टेशनवर टिकून राहतो, सूर बदलला की उठून जातो. लिम्बॉ २०१४ पासून इथून ७१० डब्ल्यूओआरवर गेला, २०२१ ला वारला, पण साचा त्याने पाडलेलाच चालू आहे.

तर हो, डब्ल्यूएबीसी उजवीकडे झुकलेलं आहे आणि ते लपवतही नाही. सकाळी सिड रोझेनबर्ग असतो, तो न्यूयॉर्की घाईघाईच्या बोलण्यात खेळ आणि राजकारण एकत्र कालवतो. याच स्टेशनवर गार्डियन एंजल्स या शहरात गस्त घालणाऱ्या स्वयंसेवकांच्या संघटनेचा संस्थापक, लाल टोपीवाला कर्टिस स्लिवा वर्षानुवर्षं बोलायचा, तो २०२१ आणि २०२५ मध्ये महापौरपदासाठी रिपब्लिकन उमेदवार होता, दोन्हीदा हरला.

इथे एक नियम मात्र अजून जिवंत आहे, समान वेळेचा. उमेदवार स्वतःच रोज माइकवर बोलत राहिला तर समोरच्या उमेदवारांना तेवढाच वेळ मागता येतो. म्हणून निवडणुकीला उभं राहणारा होस्ट सहसा त्या काळात माइक सोडतो. हा नियम उमेदवारांपुरता आहे, मतांपुरता नाही, त्यामुळे होस्टने एखाद्या पक्षाची दिवसभर बाजू घेतली तर कायद्याने त्याला कोणी अडवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की हे ऐकताना बातमी वेगळी आणि होस्टचं मत वेगळं हे मनात ठेवा. नव्या माणसाला सुरुवातीला दोन्ही एकाच आवाजात ऐकू येतं. तासाच्या सुरुवातीला येतात त्या बातम्या, त्यानंतर जे येतं ते मत. एक आठवडा असं ऐकलंत की फरक आपोआप कळायला लागतो.

मालक कोण आहे?

जॉन कॅट्सिमॅटिडिस. ग्रीसच्या एका छोट्या बेटावर जन्मलेला, लहानपणीच आईबापांबरोबर आलेला, हार्लेममध्ये वाढलेला, किराणा दुकानांपासून सुरुवात करून ग्रिस्टीडीज सुपरमार्केट आणि तेलशुद्धीकरणाचा धंदा उभा केलेला माणूस. त्याच्या रेड ॲपल कंपनीने हे स्टेशन २०१९ मध्ये सव्वा कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि २०२० च्या मार्चमध्ये ते ताब्यात आलं. त्याआधी एबीसीकडून २००७ ला सिटाडेल आणि २०११ ला क्युम्युलस असा प्रवास झाला होता, दोन्ही देशभर शेकडो स्टेशनं असलेल्या कंपन्या.

सव्वा कोटी ही रक्कम इथल्या हिशोबात कमीच म्हणायची, मॅनहॅटनमध्ये तेवढ्यात एखादा बऱ्यापैकी मोठा फ्लॅट येतो. न्यूयॉर्कसारख्या शहरातलं, शंभर वर्षांचं, ५० हजार वॉटचं स्टेशन एवढ्याला जातं यावरून एएमचा धंदा कुठे आलाय ते कळतं.

पण मालक गावातला असल्याने एक फरक पडला, बाहेरून आयते घेतलेले कार्यक्रम कमी झाले आणि स्थानिक माणसं वाढली. दुसरी बाजूही आहे. मालक स्वतः माइकवर बसतो, रविवारी सकाळी त्याचा कार्यक्रम असतो, तो २०१३ मध्ये महापौरपदासाठी रिपब्लिकन प्राथमिक फेरीत उतरला होता, आणि शहराच्या राजकारणात त्याचे हितसंबंध आहेत. स्टेशनवर काय बोलायचं आणि काय नाही हेही शेवटी तोच ठरवतो. २०२४ च्या मे महिन्यात माजी महापौर रुडी जुलियानी याचा कार्यक्रम त्याने बंद केला, कारण २०२० ची निवडणूक चोरली गेली हा विषय काढू नको असं सांगूनही तो काढत राहिला. माझ्या मते निर्णय बरोबर होता. पण निर्णय एका माणसाचा होता, हेही तितकंच खरं.

मग ही फ्रिक्वेन्सी त्याच्या मालकीची झाली का?

नाही, आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इमारत त्याची, यंत्रं त्याची, माणसं त्याच्या पगारावर, पण ७७० ही लहर जनतेची. एफसीसी आठ वर्षांसाठी परवाना देते, जनहितासाठी वापरा या अटीवर. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या रेडिओ स्टेशनांचे परवाने पुढे २०३० मध्ये नूतनीकरणाला येतील आणि त्या वेळी कोणीही श्रोता लेखी म्हणणं मांडू शकतो, बाजूने किंवा विरोधात.

शिवाय प्रत्येक स्टेशनला पब्लिक फाइल ठेवावी लागते, ती एफसीसीच्या साइटवर कोणालाही फुकट बघता येते. कुठल्या उमेदवाराने किती पैसे देऊन किती जाहिराती घेतल्या, दर तीन महिन्यांनी स्टेशनने आपल्या भागातल्या कुठल्या प्रश्नांवर कार्यक्रम केले, मालक कोण, सगळं त्यात असतं. निवडणुकीच्या दिवसांत एकदा उघडून बघाच. आपल्यातली इतकी मंडळी इथे घरं घेतात, प्रॉपर्टी टॅक्स भरतात, शाळांच्या मीटिंगांना जातात, पण आपल्या भागातल्या रेडिओवर आपलाही हक्क आहे हे फार कमी जणांना माहीत असतं.

होस्ट मध्येच गादीची नाहीतर वकिलाची स्तुती करायला लागतो, तो त्याचा अनुभव असतो का?

ती जाहिरात असते. एकच माणूस, तोच आवाज, तोच सूर, म्हणून कळत नाही. याला लाइव्ह रीड म्हणतात आणि रेकॉर्ड केलेल्या जाहिरातीपेक्षा याचा दर जास्त असतो, कारण श्रोत्याचा त्या आवाजावर विश्वास बसलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे, फोन नंबर दोन-तीनदा सांगितला, किंवा 'माझं नाव सांगा' म्हटलं, की समजायचं.

शनिवार-रविवारी आणखी सांभाळा. टॉक स्टेशनांवर सुट्टीच्या दिवशी तास-अर्धा तास विकत दिलेला असतो, निवृत्तीच्या पैशांचे सल्लागार, सांधेदुखीच्या गोळ्या, असले कार्यक्रम प्रश्नोत्तरांच्या थाटात चालतात. नियमाप्रमाणे पैसे देऊन घेतलेला कार्यक्रम आहे हे सांगावं लागतं, पण ते सुरुवातीला आणि शेवटी भराभर सांगून मोकळे होतात. आई-बाबा दिवसभर घरी एकटे असतील तर त्यांना हे आधीच समजावून सांगा, आणि रेडिओ ऐकून कोणाला कार्ड नंबर द्यायचा नाही हेही.

मला फोन करून बोलायचंय, जमेल का? इंग्रजी फार सफाईदार नाही.

जमतं! आमच्या ओळखीतल्या एक काकू, इंग्रजी अगदी आपल्या वळणाचं, ट्रेन सतत रद्द होतात त्यावर बोलल्या होत्या आणि होस्टने त्यांना चांगलं बोलू दिलं. या शहरात इतक्या तऱ्हेचे उच्चार आहेत की तिकडे कोणाचं लक्ष नसतं, मुद्दा आहे की नाही ते बघतात.

कसं चालतं ते सांगतो. नंबर होस्ट सारखा सांगत असतो. फोन लागला की आधी होस्ट नाही, कॉल स्क्रीनर भेटतो. तो तीन गोष्टी विचारतो : नाव, कुठून बोलताय, काय बोलायचंय. तिसऱ्याचं उत्तर एका वाक्यात द्या. 'प्रॉपर्टी टॅक्सबद्दल बोलायचंय' असं म्हटलंत तर नंबर लागणं कठीण, 'माझ्या गावात टॅक्स वाढला आणि शाळेची बस बंद झाली' म्हटलंत तर लगेच. तो हे स्क्रीनवर टाइप करतो, होस्ट ते वाचून कोणाला घ्यायचं ते ठरवतो, त्यामुळे तुमच्या मागून आलेला माणूस आधी लागला तर वाईट वाटून घेऊ नका. होस्टशी असहमत असाल तर स्पष्ट सांगा, वाद झाला तर कार्यक्रम रंगतो म्हणून असे फोन पटकन घेतात.

होल्डवर असताना घरातला रेडिओ बंद करा. कार्यक्रम काही सेकंद उशिराने हवेत जातो, कोणी शिवी दिली तर ती कापायला वेळ मिळावा म्हणून, आणि तुम्ही रेडिओ ऐकत बोललात तर तुमचाच मागचा शब्द कानावर येऊन गोंधळ उडतो. लागल्यावर 'हाऊ आर यू, लाँग टाइम लिसनर' यात वेळ घालवू नका. मिनिट-दीड मिनिट मिळतं, थेट मुद्द्यावर या. पत्ता, मुलांच्या शाळेचं नाव, व्हिसाची माहिती हवेत सांगू नका.

रात्री गाडीने दूर गेलो तरी ७७० लागतं, आणि दिवसा पुलाखाली जातं, हे कसं?

दिवसा एएमची लहर जमिनीला धरून जाते, साधारण शहर आणि आसपासचा परिसर व्यापते. वातावरणाच्या वरच्या भागात एक थर असतो, तो उन्हात ही लहर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहर त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर खाली उतरते. म्हणून रात्री ओहायोत, व्हर्जिनियात सुद्धा लागतं, कमी-जास्त होत, लाटा आल्यासारखं. लहानपणी रात्री विविध भारती शोधताना मध्येच सिलोन नाहीतर भलत्याच भाषेतलं स्टेशन घुसायचं, त्यातलं बरंचसं याच कारणाने.

म्हणून रात्री एकाच फ्रिक्वेन्सीवरची स्टेशनं एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत यासाठी बऱ्याच लहान स्टेशनांना रात्री ताकद कमी करावी लागते किंवा बंद व्हावं लागतं. ७७० ला तो त्रास नाही, त्याचा दर्जा वरचा आहे. फक्त न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या एका स्टेशनला १९४१ मध्ये तात्पुरतं म्हणून ७७० वर बसवलं, आणि त्यावरून एफसीसी आणि कोर्टात जे भांडण लागलं ते पुढे तीसेक वर्षांहून जास्त चाललं. ते स्टेशन अजून तिथेच आहे, रात्री न्यूयॉर्कच्या दिशेला सांभाळून प्रक्षेपण करतं.

पूल लोखंड-काँक्रीटचे असतात आणि ३९० मीटरची लहर त्यांच्या आत शिरत नाही, म्हणून पुलाखाली आवाज जातो. पुढे आलात की परत येतो.

घरात नुसती खरखर येते.

नव्वद टक्के वेळा दोष घरातल्या वस्तूंचा असतो. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, डिमर, टीव्ही, इंडक्शन, एकेक बंद करून बघा, गुन्हेगार सापडतो. रेडिओ खिडकीजवळ ठेवा. आणि मुख्य म्हणजे रेडिओ फिरवा, वर ओढायची दांडी एफएमसाठी असते, एएमचा अँटेना आत आडवा बसवलेला असतो, रेडिओ हळूहळू गोल फिरवला की एका ठिकाणी आवाज एकदम भरतो. बेसमेंटमधल्या अपार्टमेंटमध्ये फार आशा धरू नका, तिथे फोनवरच ऐका.

फोनवर ॲप आहे, मग रेडिओ कशाला हवा?

रोजच्यासाठी ॲप उत्तम, आवाजही स्वच्छ, भारतातून सुद्धा ऐकता येतं. लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला १०७.१ एफएमवरही लागतं.

पण घरात सेलवर चालणारा एक एएम रेडिओ ठेवाच, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सॅंडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीत लाखो घरांत कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद पडले होते, पेट्रोलला रांगा, आणि पुढे काय होणार ते कळायचा मार्ग म्हणजे गाडीतला किंवा सेलवरचा रेडिओ. एएमचा एक टॉवर अख्खा परिसर व्यापतो, मध्ये इंटरनेट लागत नाही की राउटर लागत नाही. फेमाने, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याने, देशभरात ७७ स्टेशनं निवडून ठेवलीयत, जनरेटर-इंधनासकट, राष्ट्राध्यक्षांचा संदेश शेवटपर्यंत पोचावा म्हणून, आणि डब्ल्यूएबीसी त्या यादीत आहे. पंचवीस-तीस डॉलरचा रेडिओ, सेल वेगळे काढून शेजारी ठेवलेले, टॉर्चच्या बाजूला. सेल आत ठेवून वर्षभर विसरलात तर ते गळून रेडिओ खराब करतात.

नवीन इलेक्ट्रिक गाडीत एएमच नाही!

हो, काही कंपन्यांनी काढून टाकलं, कारण विजेच्या मोटरींची खरखर एएममध्ये घुसते आणि ती अडवायला खर्च येतो. २०२३ मध्ये यावर बराच आरडाओरडा झाला, प्रत्येक गाडीत एएम सक्तीचं करणारं विधेयक काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, मांडलं गेलं, त्याला दोन्ही पक्षांचा पाठिंबा होता, आणि फोर्डने एएम काढायचा निर्णय मागे घेतला. गाडी घ्यायच्या आधी डीलरसमोर बसून एएम लावून बघा.

मला फक्त बातम्या आणि ट्रॅफिक हवंय.

मग १०१० विन्स लावा, तिथे १९६५ पासून चोवीस तास बातम्याच आहेत, २०२२ पासून ९२.३ एफएमवरही. ८८० वरचं बातम्यांचं स्टेशन २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं, तिथे आता खेळ असतो, जुन्या याद्यांवर जाऊ नका. पैशांच्या बातम्या ११३० ब्लूमबर्गवर, आणि जाहिराती नकोत, शांत चर्चा हवी तर ८२० डब्ल्यूएनवायसी, ते श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. मी स्वतः ७७० आणि ८२० आलटून पालटून ऐकतो, एकच विषय दोन्हीकडे किती वेगळा निघतो ते ऐकण्यासारखं असतं.

भारतात असं खासगी एएम टॉक स्टेशन का नाही?

भारतात मिडियम वेव्ह आजवर आकाशवाणीकडेच आहे. खासगी कंपन्यांना फक्त एफएम दिलं, आणि त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. त्यामुळे रोज चार तास राजकारणावर बोलणारा आणि लोकांचे फोन घेणारा होस्ट तिकडे तयारच होऊ शकला नाही. तसं बघितलं तर आकाशवाणीवर जाहिराती पहिल्यांदा आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ ला, विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर, म्हणजे सुरुवात आपल्याकडूनच झाली. जाहिराती आल्या, पण मालकी आणि मत सरकारकडेच राहिलं. मला विचाराल तर पुण्याला, नागपूरला असं एखादं स्टेशन हवंच, जिथे पाण्याचे टँकर आणि रस्त्यातले खड्डे यावर सकाळी सहा वाजल्यापासून लोक नाव-गाव सांगून बोलतील आणि नगरसेवकाला ते ऐकावं लागेल.

या स्टेशनवर मराठी किंवा हिंदी काही लागतं का?

नाही, सगळं इंग्रजी. न्यू जर्सीत हिंदी कार्यक्रम लावणारी छोटी एएम स्टेशनं वेगळी आहेत, त्यांची ताकद कमी असते, त्यामुळे एडिसन गावाच्या आसपास चांगली लागतात आणि थोडं लांब गेलं की जातात.

एखाद्या होस्टने आपल्या लोकांबद्दल फार वाईट बोललं तर कुठे जायचं?

आधी तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहून घ्या, बहुतेक कार्यक्रम पॉडकास्ट म्हणून नंतर मिळतात, तिथून परत ऐकून खात्री करा. मग स्टेशनच्या प्रोग्राम डायरेक्टरला लिहा. एफसीसीकडे तक्रार करता येते, पण कोणाचं मत काय असावं यात एफसीसीला कायद्यानेच हात घालता येत नाही, ती अश्लीलता, फसवणूक, लपवलेल्या जाहिराती असल्या गोष्टी बघते. खरं वजन जाहिरातदारांना लिहिलेल्या पत्राला असतं, त्यातही स्थानिक जाहिरातदाराला, कारण तुमच्या गावातला डीलर किंवा दवाखाना तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून ओळखतो. आणि त्याच होस्टला दुसऱ्या दिवशी फोन लावून त्याच्याच कार्यक्रमात उत्तर देता येतं. कामाच्या दिवशी, शो सुरू झाल्या झाल्या पहिल्या दहा मिनिटांत लावा, तेव्हा लाइन मोकळी असते.